धूमकेतू, फोकसर आणि पितळी सोऱ्या

दुर्बिणीचं सगळं झालं होतं, फक्त फोकसर राहिला होता. पंच्याऐंशी सालच्या गणपतीपासून हे वाक्य मी भेटेल त्याला सांगत होतो, आणि भेटेल तो "अरेरे" म्हणत होता. फोकसर म्हणजे काय हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं. पण माझा चेहरा बघून हे काहीतरी जुनं दुखणं असावं असा त्यांचा समज होई. तळमजल्यावरच्या नाईकांनी तर मला विलेपार्ल्याच्या एका वैद्याचा पत्ताही दिला.

तेव्हा ते एकदा सांगून टाकतो. माझी दुर्बीण म्हणजे माणसाच्या उंचीचा एक जाड नळ. तळाशी मी स्वतः घासलेला खोलगट आरसा. तो आकाशातला प्रकाश गोळा करून वर पाठवतो, वरचा छोटा आरसा तो प्रकाश नळाच्या कुशीतल्या एका भोकातून बाहेर काढतो, आणि फोटो काढायचा असेल तर कॅमेरा त्या भोकावर बसवायचा. आता गंमत अशी, की फिल्म नेमक्या ठिकाणी आली तर तारा टाचणीच्या टोकाएवढा उमटतो. केसभर पुढे-मागे झाली की ताऱ्याचा मेदूवडा होतो, मधल्या भोकासकट. मी विनोद करत नाही, तो हुबेहूब मेदूवडाच दिसतो. कॅमेरा केसाकेसाने सरकवायचा आणि मग तिथेच घट्ट धरून ठेवायचा, हे काम करणारं यंत्र म्हणजे फोकसर. परदेशी मासिकांत त्यांच्या चकचकीत जाहिराती यायच्या. आयातीचं काय करावं लागतं ते विचारायला मी एका सरकारी कचेरीत गेलो, तर तिथल्या गृहस्थांनी विचारलं, "कुठल्या उद्योगासाठी?" मी म्हटलं, "छंदासाठी." त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि डबा उघडला.

एवढी घाई कशाची, असं कोणीही विचारील. घाई धूमकेतूची होती. हॅलेचा धूमकेतू शहात्तर वर्षांनी येत होता, आणि त्याच्याकडे माझ्या सासूबाईंचं एक जुनं काम अडकलं होतं.

सासूबाई, म्हणजे सुगंधाबाई, आमच्याकडेच राहायच्या. मागल्या खेपेला धूमकेतू आला तेव्हा त्या देवगडजवळच्या त्यांच्या गावात पाच-सहा वर्षांच्या होत्या. पहाटे सारा गाव दर्यावर गेला. भावंडं गेली, शेजारची पोरं गेली, गोठ्यातला गडीसुद्धा गेला. सुगंधा झोपली होती म्हणून तिला कोणी उठवलं नाही. पुढे जन्मभर भावंडं तिला त्यावरून चिडवत राहिली. लग्नात चिडवलं, बारशांना चिडवलं. आता चिडवणारं एकही भावंड उरलं नव्हतं, आणि धूमकेतू परत येत होता. पण सासूबाईंचे डोळे गेल्यात जमा होते. एका डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं होतं, दुसऱ्याला हात लावायला डॉक्टर तयार नव्हते. त्या दुसऱ्या डोळ्याने त्यांना नाकाला टेकवलेलं तेवढं स्वच्छ दिसायचं. सुई त्या अजून स्वतः ओवायच्या. हातभर लांबचा माणूस मात्र आवाजावरून ओळखायच्या.

वर्तमानपत्रात धूमकेतूची बातमी आली त्या दिवशी त्यांनी पेपर नाकाला लावून ती वाचली आणि मला म्हणाल्या, "जावयांनू, तुमी फोटो काढशात ना? माका तो फोटो दाखवा. नाकाक लावन बघीन. ह्या खेपेक मी झोपान रवाचंय नाय."

सासूबाईंनी त्यापूर्वी माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी ताठ बसून "जरूर" म्हणालो. धूसर फोटो त्यांच्या काही कामाचा नव्हता. धूसर तर त्या रोजच बघत होत्या. सगळं त्या फोकसरवर येऊन थांबलं होतं.

पहिला सल्ला आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी काशीराम तावडे यांचा. तावडे महापालिकेच्या पाणीखात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे जगातला प्रत्येक प्रश्न ते पाइपाने सोडवायचे. "एकात एक सरकणारे दोन पीव्हीसी पाइप घ्या, परब. पुढे ओढा, मागे ढकला. हाय काय नि नाय काय!" मी पाइप आणले. कॅमेरा माझ्या ऑफिसातल्या अंबादासचा होता. अंबादास भांडुपला राहायचा, मूळचा जालन्याकडचा, आणि त्याच्याकडे रशियन बनावटीचा एक दणकट कॅमेरा होता, ज्याच्यावर त्याचा मुलाइतकाच जीव होता. पाइप पुढे आला, मागे गेला, सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मी दुर्बीण जरा कलती केली तेव्हा आतला पाइप कॅमेऱ्यासकट कोणाला न विचारता बाहेर निघून आला आणि माझ्या बायकोने, म्हणजे जानकीने, वाळत घातलेल्या गादीवर पडला.

अंबादासने कॅमेरा उचलला, फुंकर मारली, कानाशी धरून हलवला. "परब," तो म्हणाला, "यार, पुढचा फोकसर माझ्या कॅमेऱ्याशिवाय ट्राय कर. तुझी इस्त्री लाव त्याला, नाहीतर तुझं डोकं लाव."

दुसरा फोकसर घाटकोपरच्या एका लेथवाल्याने करून दिला. तो लोखंडी होता. मी त्या गृहस्थांना कागदावर आकृती काढून दिली होती आणि "हलता कामा नये" हे खाली दोनदा अधोरेखित केलं होतं. तीच माझी चूक. त्यांनी असा फोकसर बनवला की तो घरी आणायला टॅक्सी करावी लागली. "साहेब, याला इंजिन टांगा, सूतभर हलणार नाही," असं ते अभिमानाने म्हणाले होते, आणि ते शब्दशः खरं निघालं. फोकसर हलला नाही. त्याच्या वजनाने सगळी दुर्बीण गोल फिरली, तोंड खाली करून आमच्या मोरीकडे बघत थांबली. इमारतीतली मुलं ते बघायला रांग लावून आली. मी दार लावून घेतलं.

माणसाचा मान असाच जातो. एकदम जात नाही, दर आठवड्याला थोडाथोडा जातो. जिन्यात लोक मला "काय, दिसला का तारा?" असं विचारायला लागले होते. त्या विचारण्यात खगोलशास्त्राविषयीची आस्था अजिबात नव्हती.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मी असाच खिन्न होऊन स्वयंपाकघराच्या दारात बसलो होतो. जानकी चकल्या पाडायला बसली होती. तिच्या हातात तिच्या माहेरचा पितळी सोऱ्या होता. सोऱ्या म्हणजे पितळेची नळी, वरून दाबायचा दट्ट्या, खाली आट्यांचं झाकण. त्या झाकणात चकती ठेवायची आणि झाकण फिरवून घट्ट करायचं. शेवेची चकती काढून चकलीची घालायला तिने झाकण फिरवलं. ते सावकाश, डगमग न करता, केसाकेसाने वर सरकत गेलं आणि जिथे तिने हात सोडला तिथेच राहिलं.

मी उठून उभा राहिलो. "जानकी," मी म्हटलं, "हात लावू नकोस. तसंच धर."

"पीठ सुकेल," ती म्हणाली.

तिला सगळं समजावून सांगितलं. नळी दुर्बिणीच्या भोकात बसेल, दट्ट्या नको, चकतीच्या जागी मोठं भोक पाडलेली चकती आणि तिला चिकटवलेली कॅमेऱ्याची कडी. झाकण फिरवलं की कॅमेरा केसाकेसाने मागे-पुढे. परदेशी कंपन्या जे यंत्र बनवतात ते आमच्या फडताळात लग्नापासून पडून होतं. जानकीने सोऱ्या मांडीवर घेतला. सोऱ्या तिच्या आईचा होता, माहेराहून आलेलं तेवढं एकच भांडं तिच्याकडे उरलं होतं. आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, "घेवंदेत गो. चकल्यो काय वरसभर करूच्यो नसतत."

तरी मी शब्द दिला की सोऱ्याला एक ओरखडाही पडणार नाही, आणि तो पाळला. बळी गेला फक्त एका जास्तीच्या चकतीचा. नळीच्या आतली चकाकी फिल्मवर उमटू नये म्हणून तव्याच्या बुडाची काजळी डिंकात कालवून आतून लावली. ती वाळल्यावर पुन्हा लावली. अंबादासने सोऱ्याला आधी माझी इस्त्री टांगून बघितली आणि मगच कॅमेरा दिला. असा फोकसर त्या काळी अंधेरीत तरी दुसऱ्या कोणाकडे नव्हता, हे मी खात्रीने सांगू शकतो.

आता गच्ची. आमच्या गच्चीची किल्ली तावड्यांकडे असायची आणि नियमाप्रमाणे ती फक्त दिवसा मिळायची, टाकी धुण्यासाठी. संध्याकाळी हवी म्हटल्यावर कमिटीची बैठक भरली. समोरच्या इमारतीतल्या लोकांनी हरकत घेतली तर काय, यावर बराच वेळ गंभीर चर्चा झाली. एका सभासदाने "दिवसा सूर्य बघायला काय हरकत आहे?" असं सुचवलं. शेवटी असं ठरलं की मी गच्चीवर जावं, मात्र सोबत कमिटीचा एक सदस्य हवा. सदस्य म्हणून तावडे आले. तावड्यांबरोबर त्यांचं कुटुंब, त्यांचे पाहुणे आणि पाहुण्यांची मुलं आली. प्रत्येकाने चंद्र पाहिला, आणि पाहण्यापूर्वी प्रत्येकाने सोऱ्या आपापल्या डोळ्याप्रमाणे फिरवला. तरीही मी तीन-चार संध्याकाळी खपून ताऱ्यावर फोकस लावला, त्याचे प्रयोगाचे फोटो धुऊन आणले, आणि जिथे तारा टाचणीच्या टोकाएवढा आला तिथे झाकणावर आणि नळीवर लाल नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढली. ती रेघ म्हणजे माझ्या तीन महिन्यांच्या तपश्चर्येचं फळ होतं. रेघेला रेघ जुळली की डोळे मिटून फोटो काढावा.

पण गच्चीवरून धूमकेतू दिसेना. रस्त्यावर नवे पिवळे दिवे लागले होते, पश्चिमेला सगळं आकाश त्या उजेडात बुडलेलं. अंबादासने तोड काढली. त्याचा मित्र भीमराज मढला एका बंगल्यावर राखणदार होता. बंगला सिनेमाच्या शूटिंगला भाड्याने जायचा. संक्रांतीच्या आधीच्या शनिवारी तो रिकामा होता आणि पुढे महिनाभर नव्हता. त्या शनिवारी चंद्रही नावापुरताच होता. पुढच्या आठवड्यात तो मोठा होणार, आणि धूमकेतू सूर्याकडे झुकत खाली खाली जाणार. "संधी एकच आहे रे," अंबादास म्हणाला. "ही घालवलीस तर पुढल्या वेळी तू एकशेपंधरा वर्षांचा असशील."

शनिवारी मी हाफ-डे संपवून घरी आलो. दुर्बीण बांधायला घेतली, आणि पाहतो तर नळाच्या कुशीत नुसतं गोल भोक.

"जानकी, सोऱ्या कुठाय?"

जानकीने तोंडावर हात ठेवला. त्या हाताचा अर्थ लग्न झालेल्या प्रत्येक माणसाला कळतो.

दुसऱ्या मजल्यावरच्या प्रेमावहिनींच्या मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं. रुखवतात चकल्या हव्यात. त्यांचा सोऱ्या ऐन वेळी तुटला. त्या मागायला आल्या आणि जानकीने दिला.

"अगं, तो दुर्बिणीला बसवलेला होता!"

"हो, मग झाकण फिरवलं की सुटला. तुमची ती कॅमेऱ्याची चकती मी नीट फडक्यात गुंडाळून ठेवली आहे."

"पण दिलास कसा?"

जानकीला माझा प्रश्नच कळला नाही. "त्या दारात उभ्या होत्या. सोऱ्या समोर दिसत होता. असून नाही कसं म्हणायचं?"

आमच्या इमारतीत भांडी कोणा एकाची कधी नव्हतीच. आमचं पुरणयंत्र बहुतेक वेळ तिसऱ्या मजल्यावर असायचं, आणि तावड्यांची मोठी कढई आमच्याकडे इतकी वर्षं होती की ती आमचीच आहे असं मला वाटत होतं. मला तिथे फोकसर दिसत होता. जानकीला तिथे एक सोऱ्या अडकवलेला दिसत होता, आणि मागायला आलेल्याला तो द्यायचा असतो.

मी जिन्याकडे धावलो तर प्रेमावहिनीच वर येत होत्या. त्यांच्या हातात सोऱ्या होता. तो सोन्यासारखा झळकत होता. दुसऱ्याचं भांडं परत करताना घासून द्यायचं असतं आणि रिकामं द्यायचं नसतं, हे दोन्ही नियम वहिनींनी मनापासून पाळले होते. नळीत काठोकाठ चकल्या होत्या.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "आतून काय काळा झाला होता हो तुमचा सोऱ्या! जानकीला वेळ मिळत नसेल. मी दोनदा चिंच लावली, मग राखेने घासला. आट्यांतसुद्धा फडकं फिरवलं. आणि बाहेर कसला तरी लाल डाग पडला होता, तो काही केल्या निघेना. नखाने खरवडून काढला."

त्यांचा चेहरा आनंदाने फुलला होता. मी तिथेच जिन्यात एक चकली खाल्ली आणि "खुसखुशीत झाल्यात" म्हणालो. खरोखरच झाल्या होत्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते त्यांना तिखटाचं वाटलं.

घरात येऊन मी सोऱ्या टेबलावर ठेवला आणि जाहीर केलं की आता काही होणार नाही, कोणी कुठे जायचं नाही. माझा आवाज चढला होता. मी सोसायटीला, रुखवताला, चकलीला आणि मुंबईतल्या एकूण शेजारधर्माला नावं ठेवली. तेवढ्यात आतल्या खोलीतून सासूबाई बाहेर आल्या. त्यांनी लुगडं बदललं होतं. अंगावर शाल, कानाला रुमाल, हातात काठी. त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "निघूचा मां?"

माझी आरडाओरड त्यांनी मनावरच घेतली नव्हती. जानकीने माझ्याकडे पाहिलं. मी चकल्या डब्यात काढल्या आणि सोऱ्या पिशवीत टाकला.

वर्सोव्याहून मढला जायच्या होडीत आम्ही पाच जण होतो, दुर्बीण मोजून. होडीवाल्या कोळणीने नळाकडे बघून "तोफ हाय काय?" असं विचारलं आणि दुर्बिणीचंही तिकीट मागितलं. अंबादास तिच्याशी हुज्जत घालत बसला, सासूबाई पाण्यात हात घालून बसल्या. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

भीमराजने बंगल्यामागच्या वाळूत जागा करून ठेवली होती. सूर्य बुडाला. मी एका कोपऱ्यात, वाऱ्याला पाठ करून, मेणबत्तीच्या धुराने सोऱ्या आतून काळा करत बसलो. अंबादास वर उभा राहून सूचना देत होता. "डावीकडे राहिलं. अरे, तिकडे नाही रे! तुझं नाक काळं झालं, सोऱ्या तसाच आहे." एवढ्यात शेजारच्या बंगल्यावर भक्कन उजेड झाला. तिथे शूटिंग होतं. कोणीतरी मोठ्याने गाणं लावलं आणि दिवसासारख्या प्रकाशात बऱ्याच मुली नाचायला लागल्या. पश्चिमेचं आकाश पांढरं पडलं.

मी माझ्या काळ्या नाकासह तिथल्या मॅनेजरला भेटायला गेलो. धूमकेतू, शहात्तर वर्षं, विज्ञान, सगळं मी त्याला शांतपणे सांगितलं. त्याने विचारलं, "आप जूनियर आर्टिस्ट हो? मेकअप किसने किया?" मी परत आलो.

मग आम्ही वाट बघत बसलो. धूमकेतू हळूहळू समुद्राकडे उतरत होता. सासूबाई भीमराजने दिलेल्या खुर्चीत, आम्ही दाखवलं त्या दिशेला तोंड करून बसल्या होत्या. तिकडे खाली गुरू लखलखत होता, त्या उजेडातही आम्हाला दिसत होता. "खंय आसा?" त्या अधूनमधून विचारत. जानकी त्यांचं बोट धरून आकाशाकडे नेई. "हां," त्या म्हणत. त्यांना काही दिसत नव्हतं हे आम्हाला ठाऊक होतं, आणि आम्हाला ते ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक होतं. माझा मान, सोसायटी, जिन्यातले टोमणे, सगळं त्या क्षणी मला फार फालतू वाटलं.

शेवटी आमच्या मदतीला धावून आली ती चहाची सुट्टी. शेजारचं गाणं बंद पडलं, मुली बसल्या, आणि जनरेटरला विश्रांती म्हणून सगळे दिवे एकदम विझले.

"परब, पळ!" अंबादास ओरडला.

रेघ नव्हती. फोकस पहिल्यापासून लावायचा होता, तोही चहा संपायच्या आत. दुर्बीण गुरूवर रोखली आणि सोऱ्याचं झाकण फिरवायला घेतलं. गच्चीवर ते नेहमी अडायचं, मग एकदम झटका खाऊन पुढे जायचं. आज ते लोण्यासारखं फिरलं. चकल्यांच्या मोहनाचं तेल आट्यांत मुरलं होतं आणि प्रेमावहिनींच्या चिंचेलाही ते सगळं निघालं नव्हतं. कॅमेऱ्यातून गुरूचा मेदूवडा दिसला, वड्याचं भोक बुजलं, वड्याचा शेंगदाणा झाला, शेंगदाण्याचा मोहरीचा दाणा झाला, आणि मग टाचणीचं टोक. मी हात सोडला. ते तिथेच राहिलं.

मग दुर्बीण धूमकेतूकडे वळवली. अंबादासने कॅमेऱ्याची कळ दाबून धरली. आकाश सरकतं तसा नळ सरकवायला मी एक दांडा बसवला होता, तो मी नळावर बांधलेल्या छोट्या दुर्बिणीतून जवळच्या एका ताऱ्यावर डोळा लावून तसूतसूने फिरवत राहिलो. एक फोटो झाला, दुसरा झाला. तिसरा निम्म्यावर असताना चहा संपला आणि मुली पुन्हा नाचायला लागल्या.

आता कोणालाही वाटेल की झालं. मला तसं वाटलं होतं. पण फोटो धुवायला तर कोणाकडे तरी द्यावे लागतात. मी रोल आमच्या स्टेशनजवळच्या दशरथभाईंच्या स्टुडिओत दिला. दशरथभाई लग्नाचे फोटो काढण्यात नावाजलेले. नवऱ्या मुलाच्या तोंडावरचे देवीचे वण ते असे पुसायचे की सासरची माणसं फसायची. मी त्यांना हज्जारदा बजावलं, "फोटो काळे वाटतील, तरी मोठे करून छापा." ते म्हणाले, "परबसाहेब, आपल्याला काय सांगायला लागतंय?"

दोन दिवसांनी गेलो तर त्यांनी पाकीट दोन्ही हातांनी माझ्यापुढे केलं. आत पाटीएवढा मोठा, सुंदर, गुळगुळीत फोटो होता. काळंभोर आकाश, आणि मधोमध एकच एक धुरकट पांढरा ठिपका.

"तारे कुठायत?" मी विचारलं.

"कसले तारे?"

"तारे! आकाशातले!"

दशरथभाई हसले. "ते होय? निगेटिव्हवर धूळ बसली होती साहेब. शंभर-दीडशे डाग असतील. आमच्या आर्टिस्टने दिवसभर बसून एकेक डाग ब्रशने बुजवला. बारीक काम हो! तुमच्याकडून त्याचं काही घेणार नाही."

मी काउंटरच्या स्टुलावर बसलो. त्या गरीब आर्टिस्टने भिंगाखाली एकेक तारा शोधून त्याच्यावर काळी शाई लावली होती. प्रत्येक तारा सुईच्या टोकासारखा नेमका आला होता म्हणूनच त्याला तो धूळ वाटला. फोकस याहून चांगला असूच शकत नाही, याची एवढी अस्सल पावती मला कोणी दिली नसती. पण ती पावती घेऊन मी नाचणार कुठे?

"दशरथभाई," मी शक्य तितक्या शांतपणे म्हणालो, "पुन्हा छापा. धुळीसकट. एक कणही पुसू नका."

त्यांनी छापला. देताना मात्र चेहरा असा केला की या फोटोवर स्टुडिओचा शिक्का मारायचा नाही.

तो फोटो मी घरी आणला तेव्हा तावडे आमच्याकडे बसले होते, प्रेमावहिनी आल्या होत्या, अंबादासही होता. फोटो हातोहात फिरला. काळ्या आकाशात मुठीने उधळल्यासारखे बारीक बारीक तारे होते आणि मधे धूमकेतू. धूमकेतू धुरकटच होता, कारण तो असतोच तसा, धुराचा गोळा. जगातल्या कुठल्याही फोकसरने तो टोकदार होत नाही. हे मी सगळ्यांना सांगितलं.

"म्हणजे हललाय," तावडे म्हणाले.

"हललेला नाही! आजूबाजूचे तारे बघा. एकेक तारा टाचणीसारखा आहे."

"तारे ठीक आहेत हो. पण ज्याचा फोटो काढायचा तोच धूसर. लग्नात नवरी धूसर आणि पाहुणे स्वच्छ, त्यातली गत झाली." तावडे सभ्य माणूस, त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पुढल्या वेळी पाइपाने बघा."

प्रेमावहिनींनी फोटो उलटा धरून "छान आहे" म्हटलं. अंबादास खिडकीबाहेर बघत होता. मी फोटो सासूबाईंच्या हातात दिला.

त्यांनी तो नाकाला टेकवला. डोळा अगदी कागदाला चिकटला. एका कोपऱ्यापासून त्यांनी फोटो हळूहळू सरकवायला सुरुवात केली, पेपर वाचताना ओळ सरकवायच्या तसा. दुसऱ्या कोपऱ्याला पोचल्यावर त्या परत पहिल्या कोपऱ्यावर आल्या. मग त्यांचे ओठ हलायला लागले.

"आई," जानकी म्हणाली, "मध्यावर बघ. मध्यावर आहे तो."

सासूबाईंनी मान हलवली. "चांदण्यो," त्या म्हणाल्या. "चांदण्यो आसत गो हय. केवढ्यो चांदण्यो!"

"हो, त्या मागच्या आहेत. धूमकेतू मधे—"

"माका वाटला," त्या कागदावरून डोळा न काढता म्हणाल्या, "मुंबयत चांदण्यो नसतत."

जानकीने माझ्याकडे पाहिलं. सासूबाई गाव सोडून आमच्याकडे आल्या तेव्हाच त्यांचे डोळे जायला लागले होते. तिकडे घरापुढच्या खळ्यात बसलं की आभाळभर चांदण्या दिसायच्या, इथे आल्यावर दिसेनाशा झाल्या. त्याचा दोष त्यांनी डोळ्यांना दिला नाही, मुंबईला दिला. आणि लेकीच्या घरी राहून मुंबईला नावं कशाला ठेवायची, म्हणून इतकी वर्षं त्या एका शब्दाने बोलल्या नव्हत्या.

प्रेमावहिनींनी डोळ्यांना पदर लावला. तावड्यांनी खांद्यावरचा हात काढून घेतला.

"आई, अगं धूमकेतू बघ ना," जानकी रडक्या आवाजात म्हणाली. "त्याच्यासाठी एवढं केलं ह्यांनी. तोच राहिला होता ना तुझा बघायचा?"

"बघतंय गो," सासूबाई म्हणाल्या. "तो खंय पळान जातलो? आदी चांदण्यो बघूंदे."

जानकीने त्यांची खुर्ची ट्यूबलाइटच्या खाली सरकवली. आम्ही सगळे त्यांच्याभोवती उभे राहिलो, आणि त्या कोपऱ्यापासून पुन्हा सुरुवात करून एकेक चांदणी बघत राहिल्या.